चिक्कीच्या गावात स्कॉटिश एल

लोणावळ्याच्या बाजारातून शेंगदाण्याची गुळाची चिक्की आणा. एका हाताने नाक घट्ट दाबून धरा आणि एक तुकडा तोंडात टाका. जीभ सांगेल, गोड आहे, किंचित कडूही. दाणे दाताखाली फुटल्याचं कळेल. त्यापलीकडे काही नाही. चार-पाच वेळा चावून झालं की नाक सोडा. त्याच क्षणी गुळाचा खरपूसपणा, भाजलेल्या दाण्यांचा वास, पाक कढईत जरा जास्त राहिल्याने आलेली करपट झाक, सगळं एकदम हजर होतं. घशाच्या मागच्या वाटेने नाकात चढलेल्या वासाचं हे काम आहे. जिभेला त्यातलं गोड आणि किंचित कडू एवढंच समजत होतं.

माल्टवर उभ्या असलेल्या स्कॉटिश पद्धतीच्या एलची परीक्षा शिकायची तर सुरुवात या प्रयोगाने करावी, असा माझा आग्रह असतो. लोक या बिअरला गोड बिअर समजतात आणि तिथेच चुकतात. चांगली स्कॉटिश एल नाकाला गोडाचा भास देते, पण घोट गिळल्यावर तोंड कोरडं होत जातं. वास आहे, साखर फारशी नाही. ज्या बिअरमध्ये खरोखरच साखर उरलेली असते, ती दुसऱ्या-तिसऱ्या घोटाला नकोशी होते. भास कुठला आणि साखर कुठली हे ओळखता आलं की परीक्षकाचं निम्मं काम झालं.

या एलचे आकडे आधी पाहून घेऊ. अमेरिकेत १९८५मध्ये सुरू झालेल्या ‘बिअर जज सर्टिफिकेशन प्रोग्रॅम’ची, म्हणजे बीजेसीपीची, नियमावली जगभरच्या स्पर्धांत वापरतात. तिच्यात स्कॉटिश एलचे तीन दर्जे आहेत: लाइट, हेवी आणि एक्सपोर्ट. लाइटमध्ये अल्कोहोल २.५ ते ३.३ टक्के, हेवीत ३.३ ते ३.९, एक्सपोर्टमध्ये ३.९ ते ६. याहून भारी, ६.५ ते १० टक्क्यांची ‘वी हेवी’ ही वेगळी जात आहे, तिचा विचार या प्रकरणात नाही. एक्सपोर्टचा कडूपणा १५ ते ३० आयबीयू (कडूपणा मोजायचं एकक) असतो. अमेरिकन आयपीएचा ४० ते ७० असतो, यावरून इथे बिअरला कडूपणा देणारे हॉप्स किती मागे बसलेले असतात ते कळेल. जुन्या पाट्यांवर साठ शिलिंग, सत्तर शिलिंग, ऐंशी शिलिंग अशी नावं दिसतात. एकोणिसाव्या शतकात पिंपाच्या दरावरून माल ओळखला जाई, त्याची ती आठवण. दर बदलले, नावं राहिली.

मावळात बसून स्कॉटलंडच्या बिअरचा विचार कशाला, असं कुणी विचारेल. बोरघाटातून पहिला पक्का गाडीरस्ता १८३०मध्ये सुरू झाला तो मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या कारकिर्दीत, आणि माल्कम हे डम्फ्रीसशायरचे स्कॉटिश गृहस्थ. त्या काळी एडिनबरा आणि आलोआच्या ब्रुअऱ्यांचा माल हिंदुस्थानात येत असे. पुणे आणि खडकीच्या छावण्यांकडे जाणाऱ्या सामानाची वाट खंडाळ्यावरूनच होती, आधी बैलगाड्यांची आणि १८६३मध्ये घाटातला लोहमार्ग खुला झाल्यावर रेल्वेची. पुढे एच. जी. मीकिन याने एडवर्ड डायरच्या कसौली आणि सिमल्याच्या ब्रुअऱ्या घेतल्या आणि त्यांत ज्यांची भर घातली त्यांत खडकीचीही ब्रुअरी होती. मग बराच काळ आपल्याकडे बिअर म्हणजे फिकट, थंडगार लागर एवढंच समीकरण उरलं. पुण्यात २००९मध्ये ‘डूलाली’ सुरू झाली आणि ताज्या, छोट्या प्रमाणावर गाळलेल्या बिअरची गोडी इथे लागली. आज पुण्याहून शनिवारी घाटाकडे निघणाऱ्या गाडीत काचेच्या मोठ्या बाटलीत भरून घेतलेली ताजी बिअर असणं नवलाचं नाही. महाराष्ट्रात सौम्य बिअरसाठी वयाची २१ आणि कडक मद्यासाठी २५ वर्षं पूर्ण लागतात, आणि गाडी चालवणाऱ्याने या प्रकरणातला कुठलाही प्रयोग मुक्कामी पोचल्यावरच करायचा आहे. हे दोन्ही नियम मला मनापासून मान्य आहेत.

आता माल्टकडे वळू, कारण खरा मामला तिथेच आहे.

माल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेलं सातू. दाणा भिजवला, मोड फुटू लागला की त्याच्या आत स्टार्चचं साखरेत रूपांतर करणारी विकरं तयार होतात. तेवढ्यात गरम हवेने दाणा वाळवून मोड थांबवायचा. कमी उष्णतेवर वाळवला तर फिकट माल्ट मिळतो आणि बिअरचा मोठा भाग त्याचाच असतो. काही दाणे मात्र ओले असतानाच साधारण ६५ अंशांवर ठेवतात. दाण्याच्या पोटातच स्टार्चची साखर होते, आणि मग त्याला मोठी आच देतात. हा क्रिस्टल माल्ट. फोडून पाहिला तर आतला गर काचेसारखा चमकतो. कॅरमेल, काकवी, मनुका या वासांचा मोठा वाटा त्याचा. स्कॉटिश एलचा तांबूस रंग पुष्कळदा यातून आणि चिमूटभर भाजलेल्या सातूतून येतो. ते भाजलेलं सातू इतकं थोडं असतं की त्याची कॉफीसारखी चव लागता कामा नये. घोटाच्या शेवटी कोरडेपणा देऊन त्याने बाजूला व्हावं.

आच लागल्यावर दोन वेगळ्या गोष्टी घडतात आणि परीक्षकाला त्या वेगळ्या ओळखता याव्या लागतात. नुसती साखर तापून तपकिरी होते ते कॅरमेलीकरण. साखर आणि प्रथिनांमधली अमिनो आम्लं एकत्र तापली की होते ती मेलार्ड अभिक्रिया. फ्रेंच शास्त्रज्ञ लुई-कामीय मेलार्ड यांनी ती १९१२मध्ये मांडली. भाकरीवरचे तपकिरी डाग, तूप कढवल्यावर तळाशी राहणारी बेरी, परतून परतून तांबूस झालेला खवा, ही सगळी मेलार्डची कामगिरी. माल्टमध्ये मेलार्डचा वाटा फार मोठा आहे. म्हणून ‘कॅरमेल’ हा एकच शब्द लिहून थांबणारा परीक्षक मला अर्धवट वाटतो. बेरीसारखा वास आहे की काकवीसारखा? भाकरीच्या पापुद्र्याचा आहे की टोस्टचा? आपल्या स्वयंपाकघरात या छटांना नावं आहेत, ती बेधडक वापरावीत. १९७०च्या दशकात डेन्मार्कचे मॉर्टन मीलगार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिअरच्या चवींचं जे चक्र मांडलं, त्याचा उद्देशही हाच होता: दोन माणसांनी एकाच वासाला एकच नाव द्यावं.

मावळातल्या माणसाला इथे एक फायदा आहे. वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्राने १९८७मध्ये इंद्रायणी हे वाण दिलं. आंबेमोहोराच्या घराण्यातलं हे वाण. अशा सुवासिक तांदळाच्या वासातला एक मुख्य रेणू म्हणजे टू-असेटाइल-वन-पायरोलीन. तोच रेणू पावाच्या भाजलेल्या कडेत सापडतो, मक्याच्या लाह्यांत सापडतो आणि माल्टमध्येही सापडतो. ज्याने लहानपणापासून इंद्रायणीचा भात शिजताना वाफ घेतली आहे, त्याच्या नाकाला माल्टमधली ही नाजूक, कडेची झाक पकडायला वेळ लागत नाही. ब्रुअरीत गेलात तर तिथल्या माणसाकडे मूठभर माल्ट मागा. बहुतेक ब्रुअर आनंदाने देतात. आधी फिकट माल्ट चावा, मग क्रिस्टल, मग भाजलेलं सातू. त्यानंतर ग्लासातली बिअर प्या. कोणती चव कुठून आली हे त्या पाच मिनिटांत जेवढं समजतं तेवढं पुस्तकातून समजत नाही, आणि हे मी पुस्तकातच लिहितो आहे.

परीक्षेची तयारी म्हणजे बहुतांशी स्वच्छता. लोणावळ्यात पावसाळा चार-साडेचार हजार मिलिमीटरचा असतो, आणि सुट्टीपुरत्या उघडणाऱ्या बंगल्यांतली लाकडी कपाटं जुलै-ऑगस्टमध्ये कुबट होतात. त्या कपाटात पालथा ठेवलेला ग्लास तो कुबटपणा पोटात धरून ठेवतो. तशा ग्लासात बिअर ओतली की पहिला वास ओल्या पुठ्ठ्यासारखा येतो, आणि तोच वास जुन्या, ऑक्सिजन लागलेल्या बिअरचाही असतो. बिचाऱ्या ब्रुअरचे गुण कपाटामुळे जातात. म्हणून ग्लास आधी रिकामा हुंगावा. वास असेल तर गरम पाण्याने धुवावा, साबणाचा अंश राहू देऊ नये, उघड्यावर वाळवावा. तोंडाशी थोडा आत वळलेला ग्लास असला तर उत्तम, कारण वास वर साठतो. अत्तर, उदबत्ती, कांदाभजीचा घाणा, हे सगळं थोडा वेळ दूर असू द्या.

दुसरी गोष्ट तापमान. आपल्याकडे बिअर दात शिवशिवतील इतकी थंड देण्याची पद्धत पडली आहे. तीन-चार अंशांवर माल्टचा वास झाकला जातो, कारण वासाचे रेणू द्रवातून उडायला उष्णता लागते. स्कॉटिश एल दहा-बारा अंशांवर घ्यावी. फ्रिजमधून काढून पंधरा-वीस मिनिटं टेबलावर ठेवली की साधारण तिथे येते. पावसाळ्यात लोणावळ्याची हवा स्वतःच गार असल्यामुळे तिथे ती पुण्यापेक्षा सावकाश तापते आणि परीक्षेला अधिक अवधी मिळतो. माप पन्नास-साठ मिलिलिटर पुरे. वाइनचे परीक्षक घोट थुंकतात, बिअरचे गिळतात. घोट खाली गेल्यावर मागे राहणारा कडूपणा आणि घशामागून येणारा वास दोन्ही तपासायचे असतात. गिळायचं असल्यामुळेच माप लहान ठेवायचं.

ओतल्याबरोबर पहिला हुंगा. सर्वांत हलके वास पहिल्या काही सेकंदांत निघून जातात. त्यानंतर रंग पाहा, फेस पाहा. रंगाला गुणपत्रिकेत फार गुण नाहीत आणि मीही त्यावर जास्त वेळ घालवत नाही: तांब्यापासून गडद तपकिरीपर्यंत, स्वच्छ, फेस फिकट बदामी. पुन्हा हुंगा. नाक थकलं की स्वतःच्या बाहीचा वास घ्या. रोजच्या वासाने नाक पुन्हा ताळ्यावर येतं.

आणि आता तो दोष, ज्याच्याशी स्कॉटिश एलच्या परीक्षकाची कायमची झुंज असते: डायअसेटाइल.

किण्वन चालू असताना यीस्ट व्हॅलीन हे अमिनो आम्ल बनवतं. त्या वाटेवरचा एक पदार्थ पेशीतून बाहेर झिरपतो आणि बिअरमध्ये सावकाश बदलून डायअसेटाइल होतो. वास लोण्याचा, बटरस्कॉचचा, सिनेमागृहातल्या बटर पॉपकॉर्नचा. लिटरमागे एक मिलिग्रॅमच्या दहाव्या भागाइतकं असलं तरी सरावलेल्या नाकाला ते कळतं. किण्वन संपत आलं की तेच यीस्ट डायअसेटाइल परत शोषून निरुपद्रवी करून टाकतं, पण त्यासाठी त्याला थोडी ऊब आणि काही दिवस लागतात. स्कॉटिश एल मुळात इतर एलपेक्षा गार ठेवून आंबवतात, फळांसारखे वास कमी यावेत म्हणून. त्यात ब्रुअरने घाई केली, टाकी लवकर थंड केली, यीस्ट तळाशी बसलं, की डायअसेटाइल तिथेच राहतं. बिअर ओतायच्या नळीची सफाई नीट नसेल तर तिथले जीवाणूही ते तयार करतात.

अडचण अशी की डायअसेटाइल आपल्याला आवडतं. विरजण लावून, घुसळून काढलेल्या घरच्या लोण्याला जो वास असतो त्यात डायअसेटाइलचा मोठा वाटा आहे. मराठी घरात वाढलेल्या माणसाला तो वास मायेचा वाटतो. म्हणून दोषी स्कॉटिश एल प्यायल्यावर आपल्याकडचे पुष्कळ लोक ‘वा, काय मस्त कॅरमेल आहे’ म्हणतात. मी हे अनेक टेबलांवर ऐकलं आहे. फरक ओळखायची खूण अशी: माल्टच्या कॅरमेलला खरपूस कड असते, बेरीची, काकवीची, किंचित कडसर. डायअसेटाइलला कड नसते. ते गुळगुळीत असतं, आणि जिभेवर तेलकट निसरडेपणा ठेवून जातं. शंका असेल तर घरी करता येणारी एक चाचणी आहे. झाकणाच्या दोन स्वच्छ बाटल्यांत थोडी थोडी बिअर घ्या. एक साधारण साठ अंशांच्या पाण्यात अर्धा तास ठेवा, दुसरी तशीच. मग दोन्ही सारख्या तापमानाला आणून हुंगा. तापवलेलीत लोण्याचा वास उठला आणि दुसरीत नव्हता, तर डायअसेटाइल व्हायच्या वाटेवरचा पदार्थ बिअरमध्ये शिल्लक होता आणि ती वेळेआधी बाहेर काढली गेली. काही परीक्षक स्कॉटिश एलमध्ये थोडं बटरस्कॉच चालवून घेतात. मी घेत नाही. लोण्याचा वास आला की माल्टचे सगळे नाजूक थर त्याखाली दबतात, आणि या बिअरकडे दाखवायला माल्टशिवाय दुसरं फारसं काही नाही.

दुसरा वास उकडलेल्या मक्याच्या कणसाचा, डायमिथाइल सल्फाइडचा. लायन्स पॉइंटला कणीस खाल्लेल्याला तो शिकवावा लागत नाही. मात्र भाजलेलं नव्हे, उकडलेलं कणीस आठवावं. फिकट माल्टमधून तो येतो आणि माल्टचा रस नीट खळखळून उकळला की उडून जातो.

धुराचा वास हा वेगळा वाद. पीट म्हणजे दलदलीतलं अर्धवट कुजलेलं इंधन, आणि त्याच्या धुरावर वाळवलेला माल्ट काही स्कॉच व्हिस्कींत वापरतात. व्हिस्की स्कॉटिश, एलही स्कॉटिश, म्हणून एलमध्येही धूर हवा अशी समजूत बाहेरच्या ब्रुअरांनी करून घेतली. बीजेसीपीची नियमावली पीटचा धूर या जातीत बसत नाही असं स्पष्ट सांगते. तसंच, रस कढईत तासन्‌तास आटवून कॅरमेल करणं ही स्कॉटलंडची जुनी रीत होती, हीही सांगोवांगीची गोष्ट. बिअरच्या इतिहासाचे अभ्यासक रॉन पॅटिन्सन यांनी स्कॉटिश ब्रुअऱ्यांच्या जुन्या वह्या चाळून दाखवलं की उकळण्याचा वेळ इंग्रज ब्रुअऱ्यांपेक्षा फार वेगळा नव्हता. धुराची एल चांगली असू शकते, पण या जातीत ती मांडली तर गुण कापावेत.

घोट घ्या. जिभेवर फिरवा, गिळा, आणि तोंड मिटून नाकाने श्वास सोडा. चिक्कीच्या वेळी नाक सोडल्यावर जे घडलं तेच आता मुद्दाम घडवायचं आहे. आधी माल्ट येईल. त्यामागे मातकट किंवा फुलांसारखे हॉप्स अगदी हलके. मग मनातल्या मनात दहा अंक मोजा. गोडाचा भास ओसरून शेवटी पाव भाजल्यासारखा कोरडेपणा उरला, तर ब्रुअरने काम चोख केलं. दहानंतरही ओठ चिकट वाटत असतील तर साखर उरली आहे. हे घनतेच्या आकड्यांतही दिसतं. आंबवण्याआधी रसाची सापेक्ष घनता १.०५२ असली आणि शेवटी ती १.०१४वर उतरली, तर बिअर सुमारे ५ टक्क्यांची आणि शेवटाला कोरडीकडे झुकलेली होते. तीच १.०२२वर अडकली तर अल्कोहोल चार टक्क्यांच्या आत राहील आणि बिअर जड, चिकट लागेल. काही ब्रुअऱ्या हे आकडे फळ्यावर लिहितात. ते आधी वाचू नका, चव घेऊन झाल्यावर ताडून पाहा.

चिकटपणाचं नेहमीचं कारण म्हणजे क्रिस्टल माल्टचा अतिरेक. ‘माल्टी’ हवी म्हणून त्याचं प्रमाण वाढवत नेलं की बिअर आधी काकवीसारखी आणि मग करपट मनुक्यांसारखी होते. माझ्या मते चांगला फिकट माल्ट हाच या बिअरचा कणा आहे, आणि क्रिस्टलला त्याच्यावर बसू देऊ नये. पाण्याचाही हात असतो. सह्याद्रीच्या काळ्या खडकावरून येणारं पावसाचं पाणी मृदू असतं. त्यात क्लोराइडचं प्रमाण थोडं वाढवलं तर माल्ट भरदार लागतो, सल्फेट वाढवलं तर हॉप्सचा कडूपणा धारदार होतो. ब्रुअरला हे दोन चमच्यांचं काम आहे, पण ते न करणारे ग्लासात ओळखू येतात.

स्वतःच्या जिभेवर विश्वास ठेवावा की नाही, हे तपासायला त्रिकोण चाचणी आहे. कार्ल्सबर्गच्या प्रयोगशाळेत १९४०च्या दशकात ती रूढ झाली. तीन ग्लास, दोनांत एकच बिअर, तिसऱ्यात वेगळी. ग्लासांखाली तीन अंकी आकडे, ओतणारा वेगळा, चाखणारा वेगळा. वेगळा ग्लास कोणता ते सांगायचं. नुसत्या अंदाजानेही तीनपैकी एकदा बरोबर येतं, म्हणून एकदा जमलं म्हणून हुरळून जाऊ नये. वारंवार जमलं पाहिजे. एकच एल घ्या: काही बाटल्या पुण्याहून शीतपेटीत आणलेल्या, काही एप्रिलमध्ये गाडीच्या डिकीत दुपारभर तापलेल्या. तापमान दहा अंशांनी वाढलं की बिअर बिघडण्याचा वेग ढोबळमानाने दुप्पट होतो. डिकीतली बाटली ओल्या पुठ्ठ्याकडे, शेरीकडे सरकलेली असते आणि तिचा माल्ट सपाट झालेला असतो. मराठी घरात हा खेळ मांडला की तावातावाने चर्चा होते, आणि ते मला फार आवडतं.

शेवटी गुणपत्रिका भरायची. बीजेसीपीच्या पत्रिकेत वासाला १२, दिसण्याला ३, चवीला २०, तोंडातल्या भरीवपणाला ५ आणि एकूण ठशाला १०, असे पन्नास गुण असतात. पंचेचाळीस आणि त्यावर अपवादात्मक, अडतीस ते चव्वेचाळीस उत्कृष्ट, तीस ते सदतीस खूप चांगली, एकवीस ते एकोणतीस चांगली पण उणिवा असलेली. समजा, ग्लासात एक तांबूस एल आहे. बेरीचा वास स्वच्छ आहे, मागे भाजलेल्या पावाची कड आहे, पण घोट कोमट होत जातो तसं लोणी डोकावतं आणि शेवट दहा अंकांनंतरही गोड राहतो. वासाला ८, दिसण्याला ३, चवीला ११, भरीवपणाला ३, ठशाला ५. तीस. आणि शेरा लिहायचा तो ब्रुअरला उपयोगी पडेल असा: टाकी थंड करण्याआधी आणखी दोन-तीन दिवस ऊब द्या, क्रिस्टल थोडा कमी करा.